किरकोळ अंगसेवेचा परवाना

परवाना मिळाला असता तर ताईंना काय काय मिळालं असतं, त्याचा हिशेब आधीच मांडून ठेवलेला बरा. म्हणजे शेवटी कुणी कुणाच्या वाट्याचं नेलं यावरून वाद नको. पहिला लाभ जागेचा. चपलाबुटांच्या दुकानावरच्या दोन खोल्या ताईंनी भाड्याने घेतल्या होत्या, आणि घरमालकाने, म्हणजे खालच्या बूटवाल्या काकांनी, स्पष्टच सांगितलं होतं की वर्षअखेरीला भिंतीवर सरकारी परवाना दिसला नाही तर खोल्या नखं रंगवणाऱ्या बाईंना जातील. दुसरा लाभ फोनचा. ताई मालिश करत, आणि रस्त्यावर पाटी नसल्यामुळे त्यांचा नंबर तोंडोतोंडी फिरे. फिरता फिरता त्याचा अर्थ बदले. अधूनमधून एखादा गृहस्थ आवाज खाली आणून "आणखी काय काय असतं?" असं विचारी, आणि ताई "आणखी टॉवेल असतो" असं सांगून फोन ठेवत. तिसरा लाभ घरचा. सासूबाई शेजारणींना सून "संगणकावर असते" असं सांगत, ते बंद झालं असतं.

आणि यातलं काहीच झालं नसतं तर ताईंना मोठ्या हॉटेलच्या तळघरात परत जावं लागलं असतं. तिथे गिऱ्हाइकांना नावाऐवजी नंबर असत, मालिश संपल्याची घंटा भिंतीत असे, आणि ताईंचे अंगठे व्यवस्थापनाच्या मालकीचे असत. या दोन खोल्यांत अंगठे ताईंचे होते. म्हणून ताई परवाना काढायला गेल्या.

माणसाच्या अंगाशी संबंध येणाऱ्या सर्व धंद्यांसाठी शहरात एकच खिडकी होती. खिडकीमागच्या साहेबांची मान डावीकडे वळत नसे. डाव्या बाजूचा अर्ज घ्यायचा झाला तर ते खुर्चीसकट वळत. खुर्चीला चाकं मंजूर झाली होती ती याच कारणास्तव.

"काय करता आपण नेमकं?" साहेबांनी विचारलं.

"मालिश. लोकांचं अंग धरलेलं असतं, ते मोकळं करते."

"मोकळं करता म्हणजे दुखणं जातं?"

"जातं की."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ताई, जपून बोला. दुखणं जात असेल तर तो उपचार झाला. उपचार म्हणजे आरोग्य विभाग. तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग दुखणं जात नाही."

ताईंनी जरा विचार केला. "बरं. नाही जात."

"दुखणं जात नाही आणि तरी पैसे घेता?" साहेबांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "ही तर फसवणूक झाली. त्याचं खातं वेगळं. दुसरा मजला."

"अहो, पण लोकांना छान वाटतं ना! हलकं वाटतं. काही जण तर घोरायलाच लागतात."

"म्हणजे सुख होतं."

"होतं थोडं."

"सुख म्हणजे करमणूक. करमणुकीला कर आहे. शिवाय प्रेक्षकांच्या आसनांचा नकाशा, आणीबाणीचे दोन दरवाजे आणि मध्यंतराची सोय."

"अहो साहेब, एका वेळी एकच माणूस असतो. तोही पालथा."

"पालथ्या प्रेक्षकांबाबत नियम काही बोलत नाही," साहेबांनी प्रांजळपणे कबूल केलं.

साहेब वाईट नव्हते. वाईट माणूस इतका वेळ बोलत नाही, तो जेवायला निघून जातो. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, कपाटातून एक जुनी नियमावली काढली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ ताईंकडे पाठवली आणि एक कलम शोधून काढलं. कलमाचं नाव होतं 'किरकोळ अंगसेवा'. त्यात कोटाची मापं घेणारे, वजनकाट्यावर उभं करणारे आणि पायाचा आकार बघून बूट चढवून देणारे येत होते. ज्या कामात अंगाला हात लागतो पण अंगात फरक पडत नाही, असं कोणतंही काम त्यात बसत होतं.

"यात तुम्हाला बसवता येईल," साहेब म्हणाले. "अट एकच. गिऱ्हाईक आत शिरताना जसं होतं तसंच बाहेर पडलं पाहिजे. दुखणं कमी झालेलं नको, आनंद वाढलेला नको."

"मग ते येईल कशाला?"

"तो गिऱ्हाइकाचा प्रश्न. परवाना तुमचा."

"आणि काहीच झालं नाही तर परत फसवणूक म्हणाल."

"हुशार आहात." साहेब पहिल्यांदा खूश झाले. "काहीतरी झाल्यासारखं वाटलं पाहिजे. तेल लागलं एवढं कळलं तरी पुरे."

ताईंना तात्पुरता परवाना मिळाला. कायमचा वर्षअखेरीला मिळणार होता. तोपर्यंत निरीक्षण चालू राहणार होतं, आणि निरीक्षणात तीन प्रतिकूल शेरे पडले की अर्ज रद्द होणार होता.

दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या पलीकडे, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाशेजारी, एक निरीक्षक घडीचं सरकारी स्टूल मांडून बसले. आत येण्याची त्यांना मुभा नव्हती, कारण आत गिऱ्हाइकांच्या अंगावर कपडे कमी असत आणि खाजगीपणाचा मान राखणं हे खात्याचं धोरण होतं. म्हणून ते दारावर नजर ठेवत. माणूस जिना चढताना कसा होता आणि उतरताना कसा होता, एवढंच ते टिपून घेत. ते अत्यंत प्रामाणिक होते. किल्लीवाल्याने देऊ केलेला चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. चहाने चित्तवृत्ती प्रसन्न होतात आणि प्रसन्न माणसाला दुसऱ्याची प्रसन्नता पटकन दिसत नाही, असं ते म्हणाले.

पहिला शेरा हेडबाईंनी मिळवून दिला. हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. फळ्यावर वरच्या ओळीत लिहून लिहून त्यांचा खांदा कायमचा वर राहिला होता, दुरून त्या सतत कशाला तरी "मला काय त्याचं!" म्हणताहेत असं वाटे. त्या दिवशी ताईंनी तो खांदा खाली आणला. हेडबाई जिना उतरल्या, रस्त्यावर आल्या आणि हसल्या. कुणाकडे बघून नाही; नुसत्याच.

कागद संध्याकाळी आला. "सदर महिला प्रवेशसमयी गंभीर, निर्गमनसमयी प्रसन्न. विनापरवाना करमणुकीचा संशय."

हेडबाईंनी तो चष्मा लावून वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि मग त्यांचा संताप झाला. "सबंध नोकरीत मी हसल्याची एक नोंद दाखवा म्हणावं! आणि आता म्हातारपणी रस्त्यावर हसले म्हणून सरकारी कागद?"

"तुमचा काय दोष बाई," ताई म्हणाल्या. "माझाच हात जास्त गेला."

"दोष तुमचाही नाही. शिस्तीचा आहे. माणसांना सुख झाल्यावर कसं वागावं हे कुणी शिकवलेलंच नाही. उद्यापासून मी येते."

दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी जिन्याच्या तोंडाशी एक उभा आरसा लावून घेतला. मालिश झालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कपडे घालून आधी त्या आरशासमोर उभं राहावं लागे.

"चेहरा!" हेडबाई म्हणत. "हा काय चेहरा आहे? लग्नाला निघालात? रांगेचा चेहरा आणा. आपल्या पुढे बरीच माणसं आहेत, खिडकी बंद व्हायला आली आहे आणि आपल्याकडे एक कागद कमी आहे, असं मनात आणा. हां. ओठ सैल नकोत. आता उतरा."

रांगेचा चेहरा लोकांना लवकर जमला. सराव होताच. पण चेहऱ्याखाली शरीर असतं, आणि दुसरा शेरा तिथून आला.

एक टेम्पोवाला येत असे. वर्षानुवर्षं गिअरच्या दांड्याकडे झुकल्यामुळे तो डावीकडे कलला होता. मालिश झाल्यावर त्याला सरळ उभं राहता येऊ लागलं. हेडबाईंनी त्याला चेहरा दिला आणि पुन्हा कलायला सांगितलं. तो भला माणूस, त्याने शब्द पाळला. पण आरशात बघून कलला. म्हणजे खाली आला तो उजवीकडे कललेला. निरीक्षकांनी लिहिलं : "प्रवेशसमयी डावीकडे, निर्गमनसमयी उजवीकडे. दुखण्याचे स्थलांतर झाल्याचे आढळले. हा उपचार समजावा की मालवाहतूक, याबाबत मार्गदर्शन व्हावे." मार्गदर्शन आलं : दोन्ही समजावे.

आता एकच शेरा शिल्लक राहिला होता. हेडबाईंनी आरसा काढला नाही, पण येणाऱ्याच्या दुखऱ्या बाजूच्या मनगटाला लाल फीत बांधायला सुरुवात केली. फीत बघून लंगडायचं. लोक पालथे पडल्या पडल्या मनगट चाचपत, बाजू विसरायला नको म्हणून. काही जण आधीच सांगत, "ताई, मला फार बरं वाटू देऊ नका हं. खाली उतरायचंय." एका गृहस्थाने तर सगळा वेळ अंग इतकं आवळून धरलं की जाताना त्याचं दुखणं खरोखरच वाढलं होतं. निरीक्षकांनी त्याच्याबद्दल "समाधानकारक" असं लिहिलं.

नवी गिऱ्हाइकं मात्र कमी झाली. रस्त्याने जाणाऱ्यांना दिसायचं ते एवढंच, की या जिन्यावरून माणसं चढतात आणि लंगडत, तोंडं पाडून उतरतात. एक बाई आपल्या मुलीला तिकडे बोट दाखवून "अभ्यास केला नाहीस तर तिथे पाठवीन" म्हणाल्याचं किल्लीवाल्याने स्वतः ऐकलं.

नुकसान सगळ्यांचं झालं असं मात्र म्हणता येणार नाही. लंगडत उतरणारा माणूस जिन्याखाली पाऊल टाकतो ते बूटवाल्या काकांच्या दुकानापुढेच. काका दारात उभेच असत.

"बूट चावतोय ना साहेब? मला चालीवरून कळतं. या, बसा."

आता त्या माणसाने काय सांगावं? पलीकडे निरीक्षक बसलेले. बूट चावत नाही म्हणावं तर लंगडता का, हा प्रश्न आला. तो मुकाट्याने आत बसे आणि मऊ तळव्यांचा एक जोड घेऊन बाहेर पडे. काकांचा माल कधी नव्हे इतका खपू लागला. ते अधूनमधून वर डोकावून ताईंना धीर देत.

"ताई, नियम मोडू नका बरं का. नियमाने चाललंय ते उत्तम चाललंय. फक्त नव्या वर्षापासून भाडं थोडं वाढवावं लागेल. जागेला आता वर्दळीचं महत्त्व आलंय."

"वर्दळ माझी काका."

"लंगडणं माझ्या दारात ना!" काका म्हणाले.

ताईंची खरी अडचण दिसत होती त्याहून लहान होती. ती उजव्या अंगठ्याएवढी होती. इतक्या वर्षांच्या सवयीने तो अंगठा पाठीवर ठेवला की आपला आपण गाठीकडे जाई आणि गाठ सुटेपर्यंत हलत नसे. त्याला नियम माहीत नव्हता. गाठ सुटायला आली की नेमका हात उचलायचा, हे ताईंनी मनाला शिकवलं. अंगठ्याला शिकवताना मात्र त्याला चिकटपट्टी गुंडाळावी लागली. पट्टी लावलेला अंगठा बोथट होतो, त्याला नीट लागत नाही. सबंध दिवस अर्ध्या सोडलेल्या गाठी मागे टाकून ताई घरी जात तेव्हा त्यांना दुसऱ्याच्या घरचे नळ उघडे ठेवून आल्यासारखं वाटे.

घरी सासूबाई पाय पसरून बसलेल्या असत. तिथे निरीक्षक नव्हते. ताई चिकटपट्टी काढत आणि सासूबाईंच्या पोटऱ्या चोळायला बसत. दिवसभराचं राहिलेलं सगळं त्या पोटऱ्यांवर निघे. सासूबाई डोळे मिटून घेत, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून जात, आणि त्या म्हणत, "अगं, असा हात लाखात एखादीला असतो. आणि तू बसतेस संगणकावर! वाया घालवलास गं जन्म."

इतकी वर्षं शेजारणींना सांगून सांगून सासूबाईंना ते स्वतःलाच खरं वाटू लागलं होतं. आणि कौतुक कुठल्याही पत्त्यावर आलं तरी ताईंना ते चालणार होतं.

मुदत संपायला आठवडा राहिला, आणि निरीक्षक उठेनात. सरकारी स्टुलाला पाठ नव्हती. हळूहळू निरीक्षकांनाही ती राहिली नाही. किल्लीवाला दुकान बंद करताना "चला साहेब, उठा" म्हणाला, तर निरीक्षक नुसते डोळ्यांनी बघत राहिले. बसल्या जागी त्यांचं सगळं अंग स्टुलाच्या मापाने आखडलं होतं. किल्लीवाल्याने आणि बूटवाल्या काकांनी त्यांना होते तसे, स्टुलासकट, उचललं आणि रस्ता ओलांडून जवळ होतं तिथे, म्हणजे ताईंच्या जिन्यावरून, वर आणलं.

त्यांना टेबलावर आडवं केलं तरी ते बसलेलेच राहिले.

"ताई," ते कण्हत म्हणाले, "आधीच सांगतो. मी नियम मोडू देणार नाही. मी सरळ झालो तर तो उपचार होईल, आणि ते लिहावं मलाच लागेल. तेव्हा फक्त उजवा हात सोडवा. लिहिण्यापुरता. बाकीचा मी असू द्या."

"आणि घरी कसे जाल?"

"आलो तसा. स्टुलावर."

हेडबाई हातात लाल फीत घेऊन उभ्या होत्या. पण सगळाच माणूस दुखरा म्हटल्यावर ती कुठे बांधायची ते त्यांना कळेना. "ताई, जपून," त्या हळूच म्हणाल्या. "एकच शेरा उरलाय. यांचा निम्माच हात सोडवा."

ताई हो म्हणाल्या. त्यांनी निरीक्षकांच्या कमरेवर तेल ओतलं. तेलाने अंगठ्याची चिकटपट्टी सुटली, हे त्यांच्या लक्षात आलं. पुन्हा लावायला पाहिजे, हेही आलं. पण तोवर अंगठा गाठीवर पोचला होता. आणि ती गाठ! ऊन, वारा आणि कर्तव्य यांनी एवढ्या महिन्यांत घडवलेली. अशी गाठ ताईंना हॉटेलच्या तळघरात कधी मिळाली नव्हती. अंगठा हलेना. ताईंनीही मग त्याला हलवलं नाही. आधी निरीक्षकांचे पाय लांब झाले, मग कंबर टेकली, मग ते घोरू लागले. हेडबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना बघवत नव्हतं.

निरीक्षक जागे झाले आणि टेबलावरून उतरून उभे राहिले. ते बरेच उंच होते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. जिन्याच्या तोंडाशी आरशात त्यांना एक हसरा माणूस दिसला आणि त्याला वाट देण्यासाठी ते बाजूला सरकले.

"चेहरा!" हेडबाई घाईने म्हणाल्या. "रांग आठवा साहेब! एक कागद कमी आहे!"

"आठवतोय," निरीक्षक हसत म्हणाले. "पण काही वाटतच नाहीये हो."

त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या, शेरा लिहिला. "निरीक्षक स्वतः : प्रवेशसमयी स्टुलाच्या आकारात, निर्गमनसमयी सरळ व प्रसन्न. उपचार व करमणूक हे दोन्ही प्रकार एकाच इसमाच्या ठिकाणी आढळले." सही करताना त्यांचे डोळे भरून आले, पण तोंड हसतच राहिलं. "माफ करा ताई. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. म्हणून लिहायलाच पाहिजे."

ताईंनी टॉवेलांच्या घड्या घालून ठेवल्या आणि तेलाच्या बाटल्या खोक्यात भरल्या. बूटवाले काका नखंवाल्या बाईंना खोल्या दाखवून गेले. त्या वेळी त्यांचा चेहरा खरोखरच पडलेला होता. नखं रंगवून कुणी लंगडत नाही. हॉटेलच्या तळघरात फोन करायला ताईंनी नंबर शोधून ठेवला. तेवढ्यात खिडकीवरून बोलावणं आलं.

साहेबांपुढे शेरा होता आणि शेजारी निरीक्षक उभे होते. हसत.

"हे कधीपासून असे आहेत?" साहेबांनी ताईंना विचारलं.

"मालिश झाल्यापासून."

"हं." साहेबांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "तीन शेरे झाले. नियमाने तुमचा अर्ज रद्द होतो. मात्र एक मुद्दा आहे. काय हो निरीक्षक, यांना तुम्ही पैसे दिलेत?"

"नाही साहेब. कर्मचाऱ्याने काही घ्यायचं नाही आणि काही द्यायचं नाही, असा दंडक आहे."

"मग तुम्ही गिऱ्हाईक नाही." साहेबांचा चेहरा उजळला. "अट गिऱ्हाइकाला लागू आहे. गिऱ्हाईक जसंच्या तसं राहिलं पाहिजे. तुमच्या बाबतीत जी झाली ती सेवा नव्हे, तपासणी. तपासणीत काही गुण आला तर तो तपासणीचा गुण. शेरा रद्द." त्यांनी शेऱ्यावर तिरकी रेघ मारली. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. म्हणजे उजवीकडे बघितलं आणि डावीकडे खुर्ची फिरवली. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ताई, मानेची तपासणी अजून व्हायची राहिली आहे."

"तुमच्या?"

"खात्याच्या. कमरेची झाली म्हणून मानेची झाली असं होत नाही. गुडघेही आहेत. वरच्या मजल्यावर एक टाच आहे, तिची तर कित्येक वर्षं तपासणी नाही."

"आणि गिऱ्हाइकांचं?"

"गिऱ्हाइकांना अट आहे तशीच राहील. नियम सगळ्यांना सारखा."

ताईंच्या डोळ्यांपुढे तळघरातली ती घंटा आली असावी. मग त्यांनी अंगठ्याची नवी चिकटपट्टी सोडली, तिची गोळी करून साहेबांच्या टोपलीत टाकली आणि त्या खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

परवाना त्याच दुपारी मिळाला.

तेव्हापासून तपासणी चालू आहे. आधी आरोग्य विभाग आला, इथे उपचार होत नाहीत याची खात्री करायला. मग करमणूक विभाग आला, इथे सुख होत नाही हे बघायला. फसवणुकीचं खातं आलं, इथे काहीतरी होतं याचा पुरावा घ्यायला. सगळ्यांची खात्री पटली आणि ती टिकून राहावी म्हणून सगळे परत परत येतात. त्यांच्यासाठी मागचा जिना आहे. तिथे आरसा नाही. सकाळपासून ताईंचा अंगठा मागच्या जिन्याने आलेल्यांसाठी लागतो. गिऱ्हाइकांची वेळ दुपारनंतरची. तेव्हा अंगठ्याला चिकटपट्टीची गरजच उरत नाही. तो आपणहून नियमात बसतो.

पाटी लागली. 'किरकोळ अंगसेवा, सरकारमान्य.' फोनवर आता आवाज खाली आणून कुणी काही विचारत नाही. पाटीवरचा पहिला शब्द वाचला की माणसाच्या अपेक्षा आपोआप जागेवर येतात. सासूबाईंनी पाटीचा फोटो शेजारणींना दाखवला आणि सून सरकारात लागली असं सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखे पाय पसरले. ताई बसल्या. बराच वेळ झाला, आठ्या होत्या तिथेच होत्या.

"आज कुठे आहे लक्ष?" सासूबाई म्हणाल्या. "हात लागतोय गं. पोचत नाहीये."

"दमलेय आई."

"सरकारी कामात कसली दमतेस!"

ताईंनी वर बघितलं. सासूबाईंच्या तोंडावर रांगेचा चेहरा होता. हेडबाईंनी शिकवल्याशिवाय आलेला, अगदी बिनचूक.

तर आता हिशेब. साहेबांची मान दोन्हीकडे वळते. पूर्वी डावीकडचा अर्ज नाकारायला खुर्ची फिरवावी लागे, आता दोन्ही बाजूंचे नुसत्या मानेने नाकारता येतात. निरीक्षकांचं हसू गेलं नाही, म्हणून त्यांची बदली जन्म-मृत्यू नोंदणीत झाली, तीही फक्त जन्माच्या खिडकीवर. बूटवाल्या काकांनी भाडं वाढवलं (ते ताईंनी दरात धरलं) आणि मऊ तळव्यांसाठी वेगळं कपाट केलं. हेडबाईंना आरशापुढे शाळा परत मिळाली. ताईंना खोल्या मिळाल्या, पाटी मिळाली. अंगठे परत एकदा व्यवस्थापनाकडे गेले, पण घंटा नाही. यांतल्या कुणाच्याही खिशातून एक पैसा गेला नाही.

पैसे तुम्ही दिलेत. परवा दुपारी पुढच्या जिन्याने चढलात ते तुम्हीच ना? मान धरली होती म्हणून? पालथे पडलात, तेल लागलं, काहीतरी झाल्यासारखं वाटलं. उठून आरशासमोर उभे राहिलात, तर हेडबाई म्हणाल्या, "तुम्हाला काही शिकवायला नको. तुमचा चेहरा आधीपासूनच तयार आहे." आणि तुम्हाला ती शाबासकी वाटली. खाली येऊन तुम्ही मऊ तळव्यांचा जोड घेतलात, मानेसाठी. घरी कुणीतरी विचारलं, कसं होतं? तुम्ही म्हणालात, "ठीक होतं." दर पूर्ण होता, तक्रार काही नव्हती, आणि निघताना पुढच्या आठवड्याची वेळ तुम्ही आपणहून सांगून आलात.